हवाईचं राज्य कसं गेलं: १८९३ चं पूर्ण प्रकरण

हवाई म्हटलं की आपल्याकडे समुद्रकिनारे, फुलांचे हार आणि पर्ल हार्बरवरचा हल्ला एवढंच डोळ्यासमोर येतं. पण १८९३ पर्यंत तिथे स्वतःचा राजा, स्वतःची संसद, सुप्रीम कोर्ट, आणि ब्रिटन-फ्रान्स-अमेरिका सगळ्यांशी तह केलेलं रीतसर स्वतंत्र राज्य होतं, हे सांगितलं की बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही. राजवाड्यात विजेचे दिवे व्हाईट हाऊसच्या आधी लागले होते. आणि हे राज्य लढाईत हरलंच नाही, कारण लढाई झालीच नाही, शेवटच्या दिवशी फक्त एक पोलीस गोळी लागून जखमी झाला.

मग राज्य गेलं कसं? एक बाजू म्हणते की ती तिथल्याच लोकांची अंतर्गत क्रांती होती, राणी हेकट होती, लोक कंटाळले होते. दुसरी बाजू म्हणते अमेरिकेने सरळ बळकावलं. मला सगळा घटनाक्रम वाचून असं वाटतं की शेवटचा धक्का अमेरिकेच्या युद्धनौकेचाच होता ह्यात शंका नाही, पण तो एका धक्क्यात पुरला ह्याचं कारण त्याआधीच्या पन्नास वर्षांत जमीन, व्यापार, मतदान आणि मंत्रिमंडळ एकेक करून राजाच्या हातातून काढून घेतलं गेलं होतं, आणि तेही बहुतेक वेळा राजाचीच सही घेऊन.

थोडं मागे जाऊ. कॅप्टन कुक १७७८ मध्ये पोचला तेव्हा बेटांवर वेगवेगळे सरदार होते, त्यांना कामेहामेहाने १८१० पर्यंत एका राज्याखाली आणलं, त्यात त्याने परदेशी बंदुका-तोफाही वापरल्या. पण जहाजांबरोबर रोगही आले, देवी, गोवर, गुप्तरोग, आणि तिथल्या लोकांच्या अंगात ह्यातल्या कशालाच प्रतिकारशक्ती नव्हती. कुकच्या वेळची लोकसंख्या किती ह्यावर वाद आहे, बरेच जण तीन लाखांच्या आसपास धरतात, काही जण त्याहून खूप जास्त. १८९० च्या जनगणनेत मूळ हवाईयन आणि मिश्र मिळून जेमतेम चाळीस हजार उरले होते. पुढचं सगळं राजकारण वाचताना हा आकडा डोक्यात ठेवायला हवा, कारण ज्या राज्यातली प्रजाच मरत चाललीय त्या राज्याने काय काय केलं असतं हे आपण आज खुर्चीत बसून सांगणं फार सोपं आहे.

१८१९ मध्ये कामेहामेहा वारला, त्याच वर्षी जुनी धार्मिक बंधनांची व्यवस्था राजघराण्यानेच मोडली, आणि १८२० मध्ये बोस्टनहून मिशनरी आले. मिशनऱ्यांना मी सरसकट खलनायक करणार नाही. त्यांनी हवाईयन भाषेला लिपी दिली, छापखाना आणला, आणि काही दशकांत तिथली साक्षरता जगातल्या भल्याभल्या देशांना मागे टाकेल इतकी झाली, हवाईयन भाषेत डझनांनी वर्तमानपत्रं निघाली. प्रश्न पुढच्या पिढ्यांचा आहे. मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं हवाईतच जन्मली, तिथलीच जमीन घेऊन व्यापारी, वकील, मळेवाले झाली, आणि राजाच्या दरबारात मंत्री-न्यायाधीश म्हणूनही बसली. १८९३ चा मुख्य सूत्रधार लॉरिन थर्स्टन हा १८२० च्या पहिल्या तुकडीतल्या मिशनऱ्याचा नातू, आणि नंतर ‘अध्यक्ष’ झालेला सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश. दोघांचाही जन्म हवाईतलाच.

आता १८४३ ची एक घटना, जी पुढे खूप महत्त्वाची ठरते. फेब्रुवारीत लॉर्ड पॉलेट नावाचा ब्रिटिश नौदल अधिकारी आला, काही ब्रिटिश लोकांच्या तक्रारींचं निमित्त करून त्याने तोफांच्या धाकावर बेटं ताब्यात घेतली. तिसऱ्या कामेहामेहाने लढायचं टाळलं, निषेध नोंदवून ताबा दिला आणि वरिष्ठांकडे दाद मागितली. पाच महिन्यांनी ३१ जुलैला अ‍ॅडमिरल थॉमसने येऊन राज्य परत केलं, आणि नोव्हेंबरमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने हवाईचं स्वातंत्र्य मान्य असल्याचं संयुक्त जाहीर केलं. राजघराण्याच्या मनात ह्यातून एक गोष्ट पक्की बसली, की मोठ्या सत्तेच्या एखाद्या उद्धट अधिकाऱ्याने आगळीक केली तर रक्त न सांडता माघार घ्यायची, निषेध लेखी ठेवायचा, वरचा माणूस न्याय करतो. पन्नास वर्षांनी राणीने अगदी हेच केलं.

जमिनीचं प्रकरण १८४८ चं. त्याआधी जमीन कोणाच्या खाजगी मालकीची अशी नव्हतीच, राजा, सरदार आणि कसणारे सगळ्यांचे त्यात हक्क गुंतलेले असायचे. परदेशी सल्लागारांचं म्हणणं असं की खाजगी मालकी नसेल तर प्रगती नाही, आणि राजाचंही एक गणित होतं की उद्या कुणी राज्य खालसा केलंच तर निदान खाजगी जमिनी तरी वाचतील. म्हणून मोठी वाटणी झाली, राजाची, सरकारची, सरदारांची अशी. १८५० मध्ये कसणाऱ्यांना आपापल्या तुकड्यावर दावा करायची सोय दिली, पण मोजणी करा, साक्षीदार आणा, मुदतीत अर्ज द्या, हे सगळं ज्यांनी आयुष्यात कधी सातबारासारखा कागद पाहिला नाही त्यांना कसं जमणार, शेवटी साध्या लोकांच्या नावावर एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन लागली. आणि त्याच १८५० च्या दुसऱ्या कायद्याने परदेशी माणसालाही जमीन विकत घेता येऊ लागली. सरदार कर्जबाजारी झाले, जमिनी विकत गेले, आणि ऊसमळे उभे राहिले. सगळ्या प्रकरणात मला हेच पाऊल सगळ्यात घातक वाटतं, कारण बाकीचं काहीही नंतर उलटवता आलं असतं, हे नाही.

साखरेला गिऱ्हाईक हवं होतं आणि जवळचं गिऱ्हाईक म्हणजे कॅलिफोर्निया. पण अमेरिकेची जकात आड येत होती. १८७५ मध्ये कालाकाउआ राजाच्या काळात अमेरिकेशी तह झाला, हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाणार, बदल्यात हवाईने आपली बंदरं किंवा जमीन दुसऱ्या कुठल्याच देशाला द्यायची नाही. पंधरा वर्षांत साखरेची निर्यात दहापटीच्या आसपास गेली. पैसा आला, राजवाडा झाला, पण सगळी अर्थव्यवस्था एका पिकावर आणि एका गिऱ्हाईकावर उभी राहिली, आणि ते पीक मोजक्या साखरसम्राटांच्या हातात. मळ्यांवर मजूर पुरेनात म्हणून चीन, जपान, पोर्तुगालच्या बेटांवरून कराराने माणसं आणली, त्यामुळे १८९० पर्यंत हवाईयन लोक स्वतःच्याच देशात निम्म्यापेक्षा कमी झाले.

कालाकाउआबद्दल इथे थोडं सांगायला हवं. त्याच्यावर उधळपट्टीचे आरोप झाले, अफूच्या परवान्यात लाच घेतल्याचं प्रकरण गाजलं, आणि ते सगळंच काही खोटं नव्हतं. पण तो भोळा राजा नव्हता. १८८१ मध्ये तो जगाच्या फेरीवर निघाला, असं करणारा तो पहिला राज्यकर्ता, आणि त्या फेरीत कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईलाही येऊन गेला. जपानमध्ये त्याने सम्राटापुढे आपल्या भाचीचं जपानी राजपुत्राशी लग्न आणि आशियाई देशांची एकजूट असे प्रस्ताव ठेवले होते. म्हणजे अमेरिकेचं एकट्याचं वजन वाढतंय हे त्याला दिसत होतं आणि तो दुसरा आधार शोधत होता. जपानने नम्रपणे नकार दिला.

पण ह्याच राजाची सुरुवात कशी झाली होती बघा. १८७४ मध्ये राजा निवडायचं मतदान संसदेत झालं, आधीच्या एका राजाची विधवा एमा राणी हिला फक्त ६ मतं आणि ह्याला ३९, एमाच्या समर्थकांनी कोर्टाच्या इमारतीत घुसून दंगल केली, आणि दंगल शमवायला बंदरातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश जहाजांवरचे सैनिक बोलावले गेले, कालाकाउआच्या बाजूने. आपल्याकडे शाळेत तैनाती फौजेचा धडा वाचलेल्या कुणालाही ह्याचा शेवट कुठे जातो ते लगेच कळेल. १८८९ मध्ये रॉबर्ट विलकॉक्सने राजाचे अधिकार परत मिळवायला उठाव केला तेव्हाही अमेरिकन सैनिक उतरले. दर वेळी कारण एकच, शांतता राखायची आहे. त्यामुळे १८९३ मध्ये ते परत उतरले तेव्हा वरवर पाहता त्यात नवीन काहीच नव्हतं.

त्याआधी १८८७. थर्स्टन आणि मंडळींनी गुप्त संघटना काढली, होनोलुलू रायफल्स नावाची गोऱ्या स्वयंसेवकांची सशस्त्र तुकडी हाताशी धरली, आणि ६ जुलैला राजाला नवीन राज्यघटनेवर सही करायला लावली. लोक तिला संगिनीची घटना म्हणतात ते उगाच नाही. ह्या घटनेने राजाला मंत्री काढता येईनात, संसदेतले ‘नोबल’ म्हणजे सरदार-सदस्य राजा नेमायचा ते बंद होऊन निवडून यायला लागले, आणि त्यांना मत द्यायला वर्षाला ६०० डॉलर उत्पन्न किंवा ३,००० डॉलरची मालमत्ता पाहिजे, जी बहुसंख्य हवाईयन लोकांकडे नव्हतीच. आशियाई माणसाला मत नाही, अगदी नागरिकत्व घेतलेल्यालाही नाही, पण अमेरिकन आणि युरोपियन रहिवाशाला मात्र नागरिक न होताही मत! म्हणजे जो माणूस ह्या देशाचा नाहीच तो इथली संसद ठरवणार आणि ज्याचा देश आहे तो बाहेर.

आणि लगेच काय झालं, तर पर्ल हार्बर. साखरेच्या तहाची मुदत संपून तो वर्षानुवर्षं लोंबकळत होता कारण अमेरिकेच्या सिनेटला बदल्यात पर्ल हार्बर हवं होतं आणि कालाकाउआ देत नव्हता. नव्या घटनेनंतर काही महिन्यांतच त्याने सही केली. हवाईयन लोकांनीच राजाला लगाम घातला म्हणणाऱ्यांनी ही तारीख जरूर बघावी.

१८९१ च्या जानेवारीत कालाकाउआ सॅन फ्रान्सिस्कोत वारला आणि बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. वेळ वाईट होती. अमेरिकेने नवीन जकात कायदा करून सगळ्याच देशांची साखर बिनजकात केली आणि स्वतःच्या शेतकऱ्यांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं, त्यामुळे हवाईचा फायदा एका रात्रीत संपला आणि मंदी आली. बरेच जण इथेच थांबतात, की अनुदानासाठी मळेवाल्यांनी राज्य विकलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. अमेरिकेत सामील झालं तर कराराच्या मजुरीवर बंदी येईल ही भीती मोठ्या मळेवाल्यांना होती, त्यामुळे त्यातले अनेक जण काठावर होते. पुढाकार घेतला तो वकील, व्यापारी आणि वर्तमानपत्रवाल्यांनी, ज्यांना राज्यकारभारच स्वतःच्या हातात हवा होता. १८९२ मध्ये थर्स्टन वॉशिंग्टनला जाऊन आला आणि तिथल्या सरकारकडून त्याला निरोप मिळाला की तुम्ही तसा प्रस्ताव आणलात तर इथे सहानुभूती मिळेल. हे बंडाच्या आधीचं आहे, नंतरचं नाही.

राणीकडे हजारो लोकांचे अर्ज येत होते, मतदारांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचे, की संगिनीची घटना काढा. १४ जानेवारी १८९३ ला संसदेचं अधिवेशन संपवून ती नवीन घटना जाहीर करायला निघाली, पण तिच्याच मंत्र्यांनी सही करायला नकार दिला आणि त्यातल्या काहींनी बातमी थेट विरोधकांना नेऊन दिली. ह्या फितुरीपुढे राणीने घटना बाजूला ठेवली, आणि १६ तारखेला सकाळी जाहीरनामाही काढला की ह्यापुढे बदल फक्त कायद्याच्या मार्गाने होतील. त्याच आठवड्यात तिने लॉटरी आणि अफूच्या परवान्याच्या विधेयकांवर सह्या केल्या होत्या, त्याने तिच्या बाजूचे काही गोरे सभ्य लोकही दुखावले, ही तिची चूक धरावी लागेल. पण घटनेचा विषय तिने मागे घेतला होता, म्हणजे बंडाचं कारण बंडाच्या आदल्या दिवशीच संपलं होतं.

तरी तेरा जणांची ‘सुरक्षा समिती’ बसली आणि तिने राजधानी होनोलुलूतले अमेरिकेचे वकील (म्हणजे राजदूत) जॉन स्टीव्हन्स ह्यांना पत्र लिहिलं की आमचा जीव आणि मालमत्ता धोक्यात आहे, आम्ही स्वतःचं रक्षण करू शकत नाही. गंमत बघा, पत्र पाठवल्यावर समितीला वाटलं की आपली तयारी झालेली नाही, सैनिक उद्या उतरवा, तर स्टीव्हन्सनी सांगितलं की पाच वाजता उतरणार. आणि उतरले, बोस्टन ह्या युद्धनौकेवरचे १६२ जण, दुहेरी काडतुसांचे पट्टे, तोफा, स्ट्रेचर, डॉक्टरांचं पथक घेऊन. शहरात दंगल नव्हती. अमेरिकन लोकांची घरं-दुकानं जिथे होती तिथे हे सैनिक ठेवलेच नाहीत, ते ठेवले सरकारी इमारतीच्या शेजारी, राजवाड्यासमोर. अमेरिकेच्याच एका अ‍ॅडमिरलने नंतर चौकशीत सांगितलं की मालमत्तेच्या रक्षणासाठी ती जागा अयोग्य होती.

१७ तारखेला दुपारी समितीतला एक जण सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर उभा राहून जाहीरनामा वाचून गेला. त्यात राजेशाही संपल्याचं तर होतंच, पण हे हंगामी सरकार अमेरिकेशी विलीनीकरणाच्या अटी ठरेपर्यंतच आहे असंही स्पष्ट लिहिलं होतं. स्वातंत्र्यासाठी क्रांती करणाऱ्या कुणी पहिल्याच कागदात आपला देश दुसऱ्याला द्यायची तारीख विचारलेली मला तरी माहीत नाही. तेव्हा पोलीस ठाणं राणीकडे होतं, लष्कराची बरॅक राणीकडे होती, तिथे काही शे सशस्त्र माणसं होती. तरी स्टीव्हन्सनी नव्या सरकारला मान्यता दिली, दोन्ही ठिकाणं पडायच्या आधी. तेरा माणसं आणि त्यांचे स्वयंसेवक बरॅकवर चालून गेले असते का? माझं स्पष्ट मत आहे की नसते गेले, आणि म्हणूनच अंतर्गत क्रांतीची गोष्ट मला पटत नाही.

राणीने काय केलं तर १८४३ चाच धडा गिरवला. तिच्या पत्रात तिने हंगामी सरकारपुढे शरणागती लिहिलीच नाही, तिने लिहिलं की मी अमेरिकेच्या वरचढ बळापुढे झुकते आहे, जीवितहानी टाळण्यासाठी, आणि अमेरिकन सरकार वस्तुस्थिती पाहून मला परत बसवेपर्यंत. शब्द अगदी तोलून वापरले होते. आणि सुरुवातीला हा डाव लागू पडतोय असंच दिसत होतं! स्टीव्हन्सनी वरिष्ठांना कळवलं होतं की हवाईचं पेअर फळ पूर्ण पिकलंय, तोडायची हीच सोन्यासारखी वेळ आहे, पण मार्चमध्ये ग्रोव्हर क्लीव्हलँड राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी विलीनीकरणाचा तह सिनेटमधून परत घेतला. जेम्स ब्लाउंट ह्यांना चौकशीला पाठवलं, त्यांनी १ एप्रिलला होनोलुलूत सरकारी इमारतीवरचा अमेरिकन झेंडा उतरवला. डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडनी काँग्रेसला सांगितलं की हे युद्धाचं कृत्य होतं, मित्रदेशाचं सरकार आपण उलथवलं. नवीन वकिलाने डोल ह्यांना सत्ता सोडायला सांगितलं. डोलनी नाही म्हटलं. बस. १८४३ मध्ये अ‍ॅडमिरल थॉमसपुढे एकच अधिकारी होता, त्याला हटवलं की झालं. इथे समोर पन्नास वर्षं जमीन आणि कायदा हातात असलेला एक सगळा वर्ग होता, आणि आपल्याच वंशाच्या माणसांवर बंदूक रोखायला अमेरिकेत कुणी तयार नव्हतं. क्लीव्हलँडनी प्रश्न काँग्रेसकडे टोलवला आणि तो तिथेच राहिला.

पुढचं तसं पटापट झालं. १८९४ ला ४ जुलैचा मुहूर्त धरून ‘हवाई प्रजासत्ताक’ घोषित, मताधिकार आणखी आवळला. १८९५ च्या जानेवारीत विलकॉक्सने पुन्हा उठाव केला, फसला, आणि राणीला तिच्याच राजवाड्यातल्या सिंहासनाच्या दालनात खटल्याला उभं केलं. उठावाची माहिती असून कळवली नाही हा गुन्हा. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत काही महिने कैद. आपल्या पकडलेल्या माणसांना वाचवायला तिने राजत्यागाच्या कागदावर सही केली. १८९६ मध्ये शाळांचं माध्यम इंग्रजी झालं, आणि ज्या भाषेत डझनांनी पेपर निघत होते ती भाषा मुलांच्या तोंडून जायला लागली.

पण लोक गप्प बसले होते हे साफ खोटं आहे. राजाच्या बँडमधल्या वादकांनी नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, नोकरी सोडली, त्यांना म्हटलं जाई की मग दगड खाऊन राहावं लागेल, तर ते म्हणाले दगड खाऊ. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह परत सिनेटमध्ये आला तेव्हा स्त्रिया आणि पुरुषांच्या दोन देशभक्त संघटनांनी बेटाबेटावर फिरून निषेध अर्जावर २१,२६९ सह्या जमवल्या. हवाईयन लोकच चाळीस हजाराच्या घरात होते, मुलंबाळं धरून! चार प्रतिनिधी ते गठ्ठे घेऊन वॉशिंग्टनला गेले, एकेका सिनेटरला भेटले, आणि तहाला लागणारी दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. ते जिंकले होते. हा भाग इतिहासातून इतका पुसला गेला की त्या सह्या शंभर वर्षांनी वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरातून संशोधकांनी पुन्हा लोकांपुढे आणल्या, आणि आज हवाईयन घरांतली माणसं त्यात आपल्या पणजोबा-पणजीची नावं शोधतात.

तह हरला म्हणून मग तहच टाळला. एप्रिल १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं, फिलिपिन्सकडे जाणाऱ्या जहाजांना मधलं बंदर हवं होतं, आणि ज्याला साधं बहुमत पुरतं असा संयुक्त ठराव काँग्रेसने केला. सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१. ७ जुलैला नवे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली ह्यांची सही, १२ ऑगस्टला राजवाड्यासमोर झेंडा बदलला. राणी त्या कार्यक्रमाला गेली नाही. राजाच्या आणि सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेकडे गेल्या, मोबदला न देता.

राणीने लढायला हवं होतं का, हा प्रश्न हे प्रकरण वाचणारा प्रत्येक जण विचारतो. बरॅकमधली माणसं त्या दिवशी समितीला नक्की भारी पडली असती. पण समोर सरकारी इमारतीशेजारी अमेरिकन सैनिक उभे होते, त्यातला एक जरी मेला असता तर पुढे काय आलं असतं ते तिला कळत होतं, आणि आधीच रोगांनी संपत चाललेल्या लोकांना तिला मरायला पाठवायचं नव्हतं. मी तिला दोष देऊ शकत नाही. दोष द्यायचाच तर मी १८५० च्या जमीन कायद्याला आणि १८७४ ला सैनिक बोलावणाऱ्यांना देईन, कारण १८९३ ला तिच्याकडे चांगला पर्याय उरलाच नव्हता.

१९९३ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून माफी मागितली, क्लिंटननी सही केली. त्यात स्पष्ट कबूल केलंय की राज्य उलथवण्यात अमेरिकेचे वकील आणि सैनिक सामील होते आणि हवाईयन लोकांनी आपलं सार्वभौमत्व कधीच थेटपणे सोडलेलं नाही. पण त्याच ठरावाच्या शेवटी असंही लिहिलंय की ह्यातून अमेरिकेवरचा कुठलाही दावा निकाली निघतो असं समजू नये. पुढे त्या १८ लाख एकरातली जमीन अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या सरकारने विकू नये म्हणून हवाईयन लोक कोर्टात गेले, हवाईच्या सुप्रीम कोर्टाने माफीच्या ठरावाचा आधार घेऊन विक्री थांबवली, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने फिरवला, माफीमुळे जमिनीच्या मालकीत काही बदल होत नाही म्हणून. जमिनीचा वाद अजून चालू आहे.